सिप्प आणि स्वर : घरी घडवावयाचा लहान विद्युत्-बास

मंगलसुत्त आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. उत्तम मंगल कोणते, या प्रश्नाला भगवान बुद्धांनी दिलेल्या उत्तरात बहुश्रुततेच्या शेजारीच ‘सिप्प’ म्हणजे शिल्प, हातातील कसब, याला स्थान आहे. ग्रंथातील ज्ञान आणि हातातील कौशल्य यांत उच्चनीच भाव तेथे नाही. आपल्या समाजाने मात्र शतकानुशतके याच्या उलट अनुभव घेतला. लाकूड तासणारा, कातडे कमावणारा, हलगी वाजविणारा हात हीन ठरविण्यात आला, आणि त्या हाताने निर्माण केलेला नाद ऐकणारा कान श्रेष्ठ मानला गेला. जन्माने लादलेले काम आणि स्वेच्छेने, अभ्यासपूर्वक स्वीकारलेले कसब यांत मूलभूत अंतर आहे. हे अंतर विद्यार्थ्याला व्याख्यानातून जितके कळते, त्याहून अधिक प्रत्यक्ष एखादी वस्तू घडविताना कळते.

या दृष्टीने प्रस्तुत लेखात एका वाद्याच्या घडणीचा अभ्यास मांडला आहे. ते वाद्य म्हणजे लहान लांबीचा विद्युत्-बास. भीमगीतांच्या आजच्या वाद्यवृंदात ढोलकी, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या जोडीला हे वाद्य पुष्कळदा दिसते. त्याचा आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण तो थांबला की गाणे पोकळ वाटू लागते. आंबेडकरी जलशात तुणतुण्याने जे काम केले, म्हणजे गायकाच्या पायाखाली स्वराची जमीन धरून ठेवणे, त्याचेच हे निराळ्या भूमीतील रूप मानता येईल.

वाद्याचा पूर्वेतिहास

बासचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील वाद्यवृंदांत पूर्वी उभा ‘डबल बास’ वापरीत. माणसाच्या उंचीहून मोठे असे ते वाद्य वाहून नेणे कष्टाचे आणि गोंगाटात ऐकू येणे कठीण. १९३० च्या दशकात सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क यांनी आडवे धरून वाजविता येईल असा, पडदे असलेला विद्युत्-बास बनविला. त्याची तार सुमारे ३० इंच होती. म्हणजे या जातीच्या वाद्याचा आरंभच लहान लांबीपासून झाला. तथापि प्रसार झाला तो कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या ‘प्रिसिजन बास’चा. त्याची तार ३४ इंचांची होती आणि तेच पुढे प्रमाण ठरले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतील हॉफ्नर यांनी व्हायोलिनच्या आकाराचा ३० इंची बास आणला. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे तो विकत घेतला आणि तो जगभर ओळखीचा झाला. १९६६ मध्ये फेंडर यांनीही ३० इंची ‘मस्टँग बास’ काढला.

या वाद्याच्या इतिहासात आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक नाव आहे, ते जेम्स जेमर्सन यांचे. डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांना या कृष्णवर्णीय वादकाच्या बासचा आधार आहे. परंतु १९६० च्या दशकात त्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावेच छापली जात नसत. १९७१ च्या मार्विन गे यांच्या एका संग्रहावर जेमर्सन यांचे नाव आले, तोवर त्यांचे बरेचसे मोठे काम होऊन गेले होते. पाया घालणाऱ्याचे नाव इमारतीवर नसणे ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही.

लांबी, ताण आणि जाडी यांचे गणित

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे दर सेंटिमीटरचे वजन. लांबी निम्मी केली तर कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला तरी ती दुप्पटच होते. तारेचे वजन चौपट केले तर ती निम्मी होते. फ्रान्समधील मारें मेर्सेन यांनी हे नियम सतराव्या शतकात प्रसिद्ध केले. आठवी-नववीच्या विज्ञानात येणारा हा धडा बास घडविताना पुस्तकातून बाहेर येऊन हाताला लागतो.

बासच्या चार तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्‌झ असते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, कोणतीही तार षड्ज मानली की तिच्या पुढची तार शुद्ध मध्यमावर येते.

आता ३४ इंचांऐवजी ३० इंचांची लांबी घेतली आणि तार तीच ठेवली, तर त्याच स्वरासाठी ताण किती लागेल? ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३० भागिले ३४ चा वर्ग सुमारे ०.७८ येतो. म्हणजे ताण २२ टक्क्यांनी घटतो. याचा लाभ असा की कोवळ्या बोटांना तार दाबणे सोपे जाते. तोटा असा की सर्वांत जाड तार सैल पडून आवाज अस्पष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून लहान बाससाठी मुद्दाम तयार केलेला तारसंच घ्यावा आणि त्यात जाड तार बारीक निवडू नये. चार तारांचा मिळून दांडीवर पडणारा ओढा तरीही साठ-पासष्ट किलोग्रॅमच्या घरात जातो. एक प्रौढ मनुष्य दांडीला अहोरात्र लोंबकळत आहे, असे मानूनच पुढील काम करावे.

लहान लांबीचा खरा फायदा बोटांच्या पल्ल्यात आहे. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर मोठ्या बासवर सुमारे १३० मिलिमीटर, तर ३० इंची बासवर सुमारे ११४ मिलिमीटर भरते. हा दीड सेंटिमीटर बारा वर्षांच्या मुलीच्या हाताला वाद्य साधेल की नाही, हे ठरवितो. वाद्य मुलाच्या मापाचे नसेल तर दोष मुलाच्या हाताला दिला जातो. मापच बदलता येते, हे त्याला कोणी सांगत नाही.

लाकडाची निवड

महाराष्ट्रात या कामासाठी परदेशी लाकडाची गरज नाही. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यांच्या दांडीसाठी तून वापरतात. ते हलके असून चांगले तासले जाते आणि बासच्या धडाला योग्य ठरते. शिवणीचे लाकूडही हलके व फारसे न वाकणारे असते. दांडीसाठी सागवान आणि पडद्यांच्या पट्टीसाठी शिसम घ्यावे.

वखारीतून आणलेली फळी लगेच कापू नये. ती ज्या घरात वाद्य राहणार त्या घरात, हवा खेळती राहील अशी, काही महिने ठेवावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा बदल झाल्यानंतरच त्याला आकार द्यावा. शक्य असल्यास जुन्या दाराची चौकट किंवा मोडीत निघालेला पलंग यांतील सागवान मिळवावे, कारण ते मुरलेले असते. मात्र त्यातील खिळे शोधून काढल्याखेरीज रंधा लावू नये.

सागवानात नैसर्गिक तेल असते आणि त्यामुळे सांधा धरत नाही. गोंद लावण्याच्या आधी लगेच सांध्याची जागा ॲसिटोनने पुसून घ्यावी. सागवान आणि शिसम या दोहोंचा भुसा नाकाला व त्वचेला त्रासदायक असतो. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हे नियम शिक्षकाने प्रथम स्वतः पाळावेत.

दांडी आणि पडदे

दांडी एकाच फळीची न करता तीन पट्ट्या चिकटवून करावी आणि मधल्या पट्टीचा रेषा उलट दिशेने ठेवावा. एक पट्टी एकीकडे वाकू पाहील तेव्हा दुसरी तिला आवरेल. दांडीच्या पोटात ‘ट्रस रॉड’ म्हणजे पोलादी सळई बसवावी लागते. तिच्या टोकाचा नट फिरवून दांडीचा बाक कमी-अधिक करता येतो. तिच्यासाठी मध्यरेषेवर सरळ खाच पाडून, सळई बसवून, वरून शिसमाची सहा मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवावी. दांडीची रुंदी माथ्याकडे सुमारे ४० आणि धडाकडे सुमारे ६० मिलिमीटर ठेवावी. पट्टीसह जाडी पहिल्या पडद्यापाशी २० ते २१ मिलिमीटर असावी.

यानंतर पडद्यांची आखणी येते. येथे चूक झाली तर वाद्य कधीच सुरात लागत नाही. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे असल्याने प्रत्येक पडद्यामागे उरलेली लांबी दोनाच्या बाराव्या मुळाने भागली जाते. ७६२ मिलिमीटर, म्हणजे ३० इंच, लांबीसाठी माथ्याकडील नटपासूनची अंतरे मिलिमीटरमध्ये अशी येतात :

पहिला ४२.८, दुसरा ८३.१, तिसरा १२१.२, चौथा १५७.२, पाचवा १९१.१, सहावा २२३.२, सातवा २५३.४, आठवा २८२.०, नववा ३०८.९, दहावा ३३४.३, अकरावा ३५८.३ आणि बारावा ३८१.०.

बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे तार सप्तकाच्या षड्जावर येतो. त्यापुढील पडद्यांसाठी नवे गणित नको. पहिल्या पडद्याच्या अंतराचे निम्मे ३८१ मध्ये मिळविले की तेरावा मिळतो, दुसऱ्याचे निम्मे मिळविले की चौदावा. याच रीतीने विसावा पडदा ५२२ मिलिमीटरवर येतो. विद्यार्थ्यांनी पाचवा आणि सातवा पडदा मुद्दाम तपासून पाहावा. पाचव्यानंतर उरणारी लांबी एकूण लांबीच्या तीन-चतुर्थांशाजवळ, तर सातव्यानंतरची दोन-तृतीयांशाजवळ असते. हीच मध्यम व पंचमाची स्थाने. ‘जवळ’ असण्यातला सूक्ष्म फरक म्हणजेच हार्मोनियमचा पंचम आणि तंबोऱ्याचा पंचम यांतला फरक.

सर्व खुणा नटपासूनच मोजाव्यात. एका पडद्यापासून दुसरा असे मोजत गेल्यास प्रत्येक वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक साचत जाऊन विसाव्या पडद्यापाशी सेंटिमीटरभर होऊ शकते. पोलादी पट्टी न हलविता सर्व खुणा एकदम कराव्यात, गुण्या लावून धारदार पात्याने रेघ मारावी, आणि सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद कापणाऱ्या बारीक करवतीने खाचा पाडाव्यात. खाचा कापून झाल्यावर पडद्याची तार हलक्या हातोडीने ठोकून बसवावी, मग टोके कानशीने घासून गुळगुळीत करावीत. हाताला टोचणारा पडदा शिकणाऱ्याला दूर लोटतो.

धड, सांधा आणि घोडी

धडासाठी सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा ठोकळा घ्यावा. लहान बास हलका असतो, त्यामुळे दांडीकडची बाजू खाली झुकण्याचा दोष संभवतो. तो टाळण्यासाठी धडाचे वरचे शिंग बाराव्या पडद्याच्या रेषेपर्यंत नेऊन पट्ट्याची खुंटी तेथे बसवावी आणि माथ्यावरच्या खुंट्या हलक्या वजनाच्या निवडाव्यात. कागदी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना कापून तो मुलाच्या अंगाशी धरून पाहावा. बदल करावयाचे ते पुठ्ठ्यात करावेत.

दांडी बसविण्याची खाच सुमारे १६ मिलिमीटर खोल असावी आणि दांडी तिच्यात हाताने दाबून बसेल इतकी घट्ट असावी. चार स्क्रूंनी ती आवळावी. यानंतरच घोडीची जागा ठरवावी. दांडीच्या दोन्ही कडांना धागा लावून तो घोडीपर्यंत ताणावा, दोन्ही धागे मध्यरेषेपासून समान अंतरावर येतात का ते पाहावे, आणि मगच भोके पाडावीत. घोडीची भोके आधी पाडून दांडी नंतर बसविणाऱ्याला बहुधा दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो. त्यासाठी घोडीवरील टेकू ७६२ मिलिमीटरपेक्षा थोडे मागे असावे लागतात, आणि जाड तारेचा टेकू सर्वांत मागे. म्हणून घोडी अशी बसवावी की टेकू पुढे-मागे सरकविण्यास वाव राहील.

चुंबक, वेटोळे आणि विजेची सुरक्षा

विद्युत्-बासच्या लाकडातून थेट ऐकू येणारा आवाज अगदी क्षीण असतो. त्याचे खरे काम ‘पिकअप’ करतो. चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्व ते हेच. पुस्तकबांधणी करणाऱ्या या कामगाराचे शालेय शिक्षण अगदी अल्प होते, हेही मुलांना सांगावे. नायलॉनची किंवा पितळेची तार या पिकअपसमोर मुकी राहते.

लहान बासवर पिकअपचा मध्य घोडीपासून १२५ ते १४० मिलिमीटरवर ठेवावा. घोडीजवळ नेल्यास आवाज टणक होतो, दांडीकडे नेल्यास गोल व घुमटदार. जोडणी साधी आहे : आवाजासाठी आणि स्वरगुणासाठी २५० किलोओहमची दोन बटणे आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. पोकळीला आतून तांब्याची पातळ पट्टी लावून ती घोडीसह जमिनीच्या तारेला जोडली की गुणगुण बरीच कमी होते.

आता एक गोष्ट पालकांनी आणि जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. या वाद्यात स्वतः धोकादायक वीज नसते, परंतु त्याच्या तारा केबलमार्फत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर तोच विद्युत्दाब वादकाच्या बोटांपर्यंत येतो. त्याच क्षणी त्याचे ओठ दुसऱ्या जोडणीवरील मायक्रोफोनला लागले, तर वीज शरीरातून वाहते आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये, सर्व उपकरणे एकाच, तपासलेल्या अर्थिंगवर चालवावीत, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच मंडपात बसवावाच. पावसाने ओल्या झालेल्या मंचावर वादन बंद ठेवणे हा भित्रेपणा नव्हे.

सुरात लावणे

तारा चढविल्यावर दांडी किंचित पुढे वाकते. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर फट राहील एवढा बाक सळईने ठेवावा. नट एका वेळी पाव वळशाहून अधिक फिरवू नये. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर करावी. शेवटी बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर टेकू मागे न्यावा, उतरता असेल तर पुढे आणावा. दोन्ही एकरूप झाले की वाद्य तयार झाले.

या टप्प्यावर सोण कोळिविस या भिक्खूची कथा आठवल्याखेरीज राहत नाही. राजगृहाजवळ सीतवनात अतिकठोर साधना करणारा सोण निराश होऊन गृहस्थाश्रमाकडे परतण्याचा विचार करू लागला. पूर्वायुष्यात तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला त्याच्या वीणेविषयीच प्रश्न केले : तारा अति ताणल्या तर ती वाजण्यायोग्य राहते काय, आणि अति सैल सोडल्या तर? सोणाने स्वतःच्या अनुभवावरून उत्तर दिले आणि त्या उत्तरातच त्याला आपल्या प्रयत्नाचे माप सापडले. त्या काळची वीणा आजच्यासारखी नसून धनुष्याकृती होती, जशी सांचीच्या शिल्पांत दिसते. तिला पडदे नव्हते, परंतु ताणाचा नियम हाच होता. भगवंतांनी सोणाला उपदेश लादला नाही, त्याच्या हाताला जे ठाऊक होते त्यातूनच त्याला मार्ग दाखविला. शिक्षकांनी या पद्धतीचे मनन करावे. वसतिगृहातील मुलावर अपेक्षांचा ताण किती ठेवावा आणि मोकळीक किती द्यावी, हाही अखेर दांडीच्या सळईसारखाच पाव-पाव वळशाचा विषय आहे.

उपसंहार

संगीत आणि शील यांचा मेळ कसा घालावा, असा प्रश्न काही उपासक विचारतात. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्याने नृत्य-गीत-वादनापासून विरत राहावे, हे खरे. त्या दिवशी वाद्य कापडात गुंडाळून ठेवावे. परंतु दैनंदिन पंचशीलात वादन वर्ज्य नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख हा गंधर्व बेलाच्या लाकडाची वीणा वाजवितो, तेव्हा त्याच्या तारांचा स्वर गीताशी जुळतो आणि कोणीही दुसऱ्यावर मात करीत नाही, असे भगवंत त्याला सांगतात. बासवादनाचा याहून नेमका निकष सांगता येणार नाही. बाबासाहेबांनीही उत्तरायुष्यात, कामाच्या प्रचंड व्यापात, व्हायोलिन शिकावयास घेतले होते. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या परंपरेने तर गीतालाच प्रबोधनाचे साधन केले.

आपल्या शाळेत असे एक वाद्य घडवावयाचे झाल्यास खुंट्या, घोडी, पिकअप, सळई आणि पडद्याची तार एवढे विकत घ्यावे लागेल. लाकूड गावातून मिळेल, आणि रंधा-पटाशी धरण्याचे शिक्षण देणारे सुतार, वायरमन, फिटर आपल्या माजी विद्यार्थ्यांत व पालकांत आहेतच. त्यांना कार्यशाळेत गुरू म्हणून सन्मानाने बोलवावे. गणिताच्या शिक्षकांनी पडदे आखून घ्यावेत, विज्ञानाच्या शिक्षकांनी वेटोळे समजावून द्यावे. वाद्य पूर्ण झाले की त्याच्या दांडीच्या सांध्यात, स्क्रू आवळण्यापूर्वी, ते घडविणाऱ्या सर्व मुलामुलींची नावे पेन्सिलीने लिहावीत. पुढे कधी दुरुस्तीसाठी दांडी सुटी केली जाईल, तेव्हा ती नावे तेथे असतील.